इन्सुलिनच्या रेणूवर नायट्रो गट बसतो तेव्हा

नायट्रिक ऑक्साइड वाढले की मधुमेह पळतो, असे सांगत बिटाची भुकटी विकणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो हे खरेच आहे आणि त्यासंबंधीच्या शोधांसाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु तोच वायू भलत्या संगतीत सापडला, तर खुद्द इन्सुलिनचा रेणू बिघडवू शकतो.

इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात; २१ ‘ए’ साखळीत, ३० ‘बी’ साखळीत. नायट्रिक ऑक्साइडचे एक नेहमीचे लक्ष्य म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाचा मोकळा गट. इन्सुलिनची सहाही सिस्टीन आम्ले तीन गंधक-बंधांत गुंतलेली असल्याने ती वाट बंद असते. धोका असतो तो टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या चार रेणूंना.

ऊतींमध्ये दाह असला की नायट्रिक ऑक्साइडबरोबर सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे क्रियाशील रूपही वाढते. दोघांकडेही एकेक एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे ते भेटताक्षणी जोडले जातात आणि पेरॉक्सिनायट्राइट तयार होते. कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की त्यातून काही प्रमाणात कार्बोनेट आणि नायट्रोजन डायऑक्साइड असे दोन मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण) सुटतात. पहिला टायरोसिनच्या हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजन काढून घेतो, तर दुसरा त्या गटाशेजारच्या कार्बनवर ठाण मांडतो; हाच तो नायट्रो गट. सुमारे ५,८०८ वजनाच्या रेणूत भर पडते ती अवघी ४५ एककांची. मात्र नायट्रो गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत असल्याने, एरवी सामू १० च्या आसपास प्रोटॉन सोडणारा हायड्रॉक्सिल गट तो ७ च्या आसपासच सोडू लागतो. रक्ताचा सामू ७.४ असतो, साहजिकच, जिथे विद्युतभार नव्हता तिथे आता ऋणभार येऊ शकतो. ‘ए’ साखळीतील एकोणिसावे टायरोसिन तर पेशीवरील रिसेप्टरला (इन्सुलिनचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) बिलगण्यासाठी महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत पेरॉक्सिनायट्राइटची प्रक्रिया केलेल्या इन्सुलिनची साखर उतरवण्याची क्षमता घटलेली आढळली आहे.

बीट खाल्ल्याने असे घडते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. परीक्षानळीतील मात्रा आणि शरीरातील मात्रा यांत मोठे अंतर असते. तथापि भुकटीच्या भरवशावर इन्सुलिनचे इंजेक्शन बंद करणे हा निव्वळ आत्मघात आहे.

इन्सुलिनमध्ये बंद असलेली सिस्टीनची वाट पेशीच्या आत मात्र उघडी असते. इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या ‘एकेटी’ या विकरातील २२४ व्या सिस्टीनवर नायट्रिक ऑक्साइड बसले, की ते विकर निष्क्रिय होते आणि संप्रेरक शाबूत असूनही पेशी त्याला पुरेशी दाद देत नाही.