पिंजरा की लाइफलाइन: पडणाऱ्याला धरतं कोण?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या शिडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपल्या शिडीला पिंजरा आहे, त्यामुळे पडायची भीती नाही." शिकलेली, हिशेबाला पक्की माणसंही हे बोलतात. इतक्या गच्च्यांवर हे ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

भिंतीत पक्की बसवलेली उभी लोखंडी शिडी, साइटवर जिला मंकी लॅडर किंवा कॅट लॅडर म्हणतात, ती तुम्ही रोज बघता. तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही. पिंजरा म्हणजे तिच्याभोवतीच्या पट्टीच्या रिंगा आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या. लाइफलाइन म्हणजे शिडीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत ताणलेली वायर रोप किंवा बसवलेली रेल. तिच्यावर फॉल अरेस्टर सरकतो आणि तो चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्यांना, छातीवरच्या कडीशी जोडलेला असतो. माणूस चढतो तसा तोही वर सरकतो, खाली झटका बसला की रोपला चावतो. एमएस (साधं पोलाद) की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), रंग पिवळा की करडा, यावर मीटिंगमध्ये अर्धा तास जातो. तो फरक किरकोळ आहे.

खरा फरक हात सुटल्यावर कळतो. समजा माणूस पाच मीटरवर आहे, दांडा ओला आहे आणि पाय घसरला. पिंजऱ्यात त्याला थांबवणारं काहीही नाही. तो नळीतून सोडलेल्या वस्तूसारखा सरळ खाली जातो. पाच मीटर पडायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि खाली पोचताना वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. वाटेत रिंगेत हात किंवा पाय अडकला तर पडणं थांबेलही, पण त्या अवयवाची किंमत मोजून. शिवाय असा अडकलेला, बेशुद्ध माणूस त्या अरुंद जागेतून बाहेर काढणं वाचवायला गेलेल्यांसाठी महाकठीण. आणि पिंजरा सुरूच होतो जमिनीपासून सात-आठ फुटांवर, म्हणजे खालचा टप्पा उघडाच.

लाइफलाइनवर तोच पाय घसरला, तर अरेस्टर लगेच चावतो आणि माणूस जवळपास त्याच दांड्यापाशी लटकतो. मात्र यात एक अट आहे: अरेस्टर आणि छातीची कडी यांच्यातली जोडणी आखूड हवी. अमेरिकेच्या नियमात ती जास्तीत जास्त ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर आहे. म्हणून मध्ये लांब दोरी घालून पाठीच्या कडीला जोडणारे दिसले की माझा संताप होतो. तेवढी ढील म्हणजे तेवढं जास्तीचं पडणं, आणि मग बसणारा झटकाही तेवढाच मोठा. कमरेचा नुसता पट्टा तर या कामाला आणूच नका. सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. हार्नेस पूर्ण अंगाचाच हवा.

हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत पूर्वी उंच शिडीला पिंजरा असला की कायद्याचं समाधान व्हायचं. २०१६ च्या नियमांनी ते बदललं. १९ नोव्हेंबर २०१८ पासून २४ फुटांवरच्या नव्या शिडीला लाइफलाइनसारखी पडणाऱ्याला धरणारी व्यवस्था सक्तीची झाली. जुन्या शिड्यांना १८ नोव्हेंबर २०३६ पर्यंत मुदत आहे. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण पिंजऱ्याला पडण्यापासूनचं संरक्षण मानायचं नाही, हा त्यातला निर्णय आपल्या टाकीच्या शिडीलाही तितकाच लागू पडतो.

पिंजरा अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. दमलेल्याला पाठ टेकता येते, तोल मागे गेला तर माणूस लगेच बाहेर फेकला जात नाही. पण त्याने धीर येतो आणि तोच घात करतो. पिंजरा आहे म्हणून टाकी धुणारा पोरगा एका हातात बादली घेऊन चढतो. तीन ठिकाणी पकड हवी, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, ती तिथेच सुटते. सामान दोरीने वर ओढून घ्यायचं, हातात नाही.

आपल्या इमारतींत आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. टाकीची शिडी दहा फुटांचीच असते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण ती कठड्याला लागून असेल तर मागे तोल गेलेला माणूस गच्चीवर पडत नाही, सात मजले खाली जातो. अशा शिडीची उंची जमिनीपासून मोजा. माझा आग्रह असा की ती शिडी टाकीच्या गच्चीकडच्या, कठड्यापासून लांबच्या बाजूला हलवा. पिंजऱ्याच्या खर्चाआधी हा खर्च करा.

जुना पिंजरा कापायलाच हवा असं नाही. आत लाइफलाइन बसते, फक्त लटकलेला माणूस रिंगांवर आपटणार नाही ना, हे बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. त्याआधी शिडी भिंतीत जिथे शिरते ते सांधे बघा. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच आत जातो आणि पावसाळ्याआधी मारलेला रंगाचा हात तो झाकून टाकतो. झटक्याचा भार शेवटी त्याच सांध्यांवर येणार असतो.

वरचं टोकही तपासा. शिडीचे दोन्ही बाजूंचे खांब छतापेक्षा सुमारे साडेतीन फूट वर जायला हवेत आणि छतावर दोन्ही पाय टेकेपर्यंत हार्नेसला लाइफलाइनशी जोडणारा हूक सुटता कामा नये. बऱ्याच ठिकाणी रोप छताच्या पातळीलाच संपते, मग माणूस शेवटच्या दांड्यावर उभा राहून हूक काढतो. आणि कोणी चढलं असेल तर खाली दुसरा माणूस थांबलाच पाहिजे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्याचं रक्त पायांत साचत जातं, त्यामुळे त्याला काही मिनिटांत खाली उतरवावं लागतं. ते कसं उतरवायचं, हे त्या दुसऱ्याला चढाईच्या आधीच ठाऊक हवं.