इंदूर : नर्मदा जलयोजना आणि परकीय साह्य

इंदूर शहराला सुमारे 70 किमी. दूरच्या नर्मदेतून पाणी पुरवणारी उपसा योजना. तिच्या आधी आणि तिच्यासोबत शहरात आलेला परकीय सल्ला, कर्ज आणि कर्जाच्या अटी यांचाही विचार या नोंदीत केला आहे, कारण इंदूरच्या पाण्याचा हिशेब त्यांच्याशिवाय लागत नाही.

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मी. उंचीवर वसलेल्या या शहराला मोठी बारमाही नदी नाही. कान्ह (खान) आणि सरस्वती या दोन लहान नद्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी एकत्र येतात आणि पुढे क्षिप्रेला मिळतात. होळकर काळात शहराची तहान विहिरी, बावड्या आणि सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली अशा तलावांवर भागत असे. गंभीर नदीवरचा यशवंत सागर 1930 च्या दशकातला. तो आजही शहराला पाणी देतो, पण थोडेच.

पहिला परकीय सल्ला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचा. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते आले आणि 1918 मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हा सल्ला नेहमीच्या परकीय सल्ल्याच्या उलट दिशेचा होता. शहरभर महागडे मलवाहिन्यांचे जाळे टाकण्यापेक्षा विहिरी-तलाव उपसून स्वच्छ करावेत, नदीचे काठ मोकळे करावेत आणि सांडपाणी बागांकडे वळवावे, असे त्यांनी सुचवले. प्लेगच्या त्या दिवसांत दिवाळीला त्यांनी मिरवणूक काढवली. जिथली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाणार असे आधीच जाहीर केल्यामुळे गल्ल्या झाडल्या गेल्या. अहवालाचे कौतुक खूप झाले. नद्यांचे मात्र पुढे नाले झाले.

नर्मदेची मागणी बाहेरून आलेली नव्हती. 1970 मध्ये ‘नर्मदा लाओ’ आंदोलन शहरातूनच उभे राहिले. अभ्यास मंडळासारख्या स्थानिक संस्था त्यात पुढे होत्या. श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री असताना योजनेची घोषणा झाली आणि 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले. पहिला आणि 1990 च्या दशकातला दुसरा टप्पा मिळून क्षमता 180 एमएलडी, म्हणजे रोज 18 कोटी लिटर. 2010 च्या आसपास सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्याची क्षमता 360 एमएलडी. इंदुरात ‘नर्मदा’ हा शब्द आता नळालाही लागतो. घर भाड्याने घेताना पहिला प्रश्न असतो : नर्मदा आहे की नुसते बोरिंग?

पाणी उचलले जाते ते मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे, खरगोन जिल्ह्यात. तिथले नदीपात्र इंदूरपेक्षा सुमारे 400 मी. खाली आहे, पण मध्ये विंध्याचा कडा असल्याने प्रत्यक्षात पाणी 500 मी.पेक्षा अधिक चढवावे लागते. हे काम एका पंपाचे नव्हे. शुद्ध केलेले पाणी टप्प्याटप्प्याने, एका पंपघरातून दुसऱ्यात, कड्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत ढकलले जाते. तिथल्या दाबतोड टाकीत दाब मोकळा होतो आणि पुढे उताराने, पंपाविना, ते शहराच्या दक्षिणेला बिजलपूरला पोहोचते. तिथून मोहल्ल्यांच्या उंच टंक्या भरतात.

योजनेचे सगळे अर्थकारण या चढावात आहे. 1,000 लिटर पाणी 500 मी. उचलायला, काहीच वाया गेले नाही असे धरले, तरी 1.36 युनिट वीज लागते. पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता 70 टक्के धरली की आकडा 1.95 वर जातो. नळातले घर्षण मिळवून दोनाच्या वरच. रोज 400 एमएलडी उचलायचे तर 8 लाख युनिट झाले. पाणी नदीचे म्हणून फुकट, पण त्याची किंमत विजेच्या बिलात येते आणि ते बिल नळ कितीही तास चालला तरी दर महिन्याला भरावे लागते.

वीज अचानक गेली तर धोका वेगळाच. चढत्या नळातला हजारो टनांचा स्तंभ आधी थबकतो, मग मागे फिरतो. एकदिशा झडप वेळेत आणि हळुवार मिटली नाही तर दाबाचा तडाखा बसून नळ सांध्यावर उकलतो किंवा फुटतो. म्हणून हा तडाखा झेलणाऱ्या लाटटाक्या ठेवतात आणि चढावाच्या माथ्यांवर हवाझडपा बसवतात. हवाझडप अडकली तर नळ पुन्हा भरताना हवेचा फुगा राहतो आणि पाणी पुढे सरकत नाही. त्यामुळे जलूदला मिनिटांचा खंड पडला तरी लाईन पूर्ववत व्हायला तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी काही टंक्या अर्ध्याच भरलेल्या असतात.

परकीय पैसा मोठ्या प्रमाणात दोनदा आला. पहिल्यांदा पाण्यासाठी नव्हे, तर सांडपाण्यासाठी. ब्रिटिश सरकारच्या साह्याने 1990 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने झोपडपट्ट्यांना मलवाहिन्या, फरसबंद गल्ल्या आणि पावसाळी निचरा दिला. अभियंता हिमांशु पारिख यांची कल्पना हुशारीची होती : वस्त्या बहुधा नाल्याकाठी, म्हणजे नैसर्गिक उतारावर असतात, तेव्हा त्यांच्यातूनच शहराच्या वाहिन्या न्याव्यात. 1998 मध्ये प्रकल्पाला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. पण मलवाहिनी स्वतःला साफ ठेवते ती प्रवाह सेकंदाला 0.6 मी.च्या आसपास असेल तरच. भारतीय मानकानुसार मलवाहिनी असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हवे. वस्तीत सार्वजनिक नळावरून घडे भरून येणारे पाणी त्याच्या जवळपासही नव्हते. गाळ बसला, अनेक वाहिन्या तुंबल्या, आणि ज्या वाहत्या राहिल्या त्या शुद्धीकरण केंद्राअभावी नदीतच रिकाम्या झाल्या. पुरस्कार आराखड्याला मिळाला होता. पाण्याचा हिशेब आराखड्याबाहेर राहिला होता.

दुसरा पैसा आशियाई विकास बँकेचा. इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांच्या पाणीपुरवठा व पर्यावरण सुधारणेसाठी 2003 मध्ये बँकेने कर्ज मंजूर केले. हाच ‘उदय’ प्रकल्प. नर्मदेचा तिसरा टप्पा त्यातूनच उभा राहिला. असे कर्ज महापालिकेच्या हाती थेट पडत नाही. केंद्र, राज्य आणि मग शहर अशी त्याची वाट. सोबत अटी येतात : मीटर बसवा, वापरानुसार दर आकारा, देखभालीचा खर्च पाणीपट्टीतून वसूल करा, मालमत्ता कर सुधारा. बडवानीच्या मंथन अध्ययन केंद्राने या अटींवर सविस्तर टीका केली. पाण्याचे सार्वजनिकपण त्यातून झिजते, हा तिचा गाभा. बँकेच्या बाजूनेही एक मुद्दा खरा आहे. हजार लिटरला दोन युनिट वीज खाणारे पाणी ठरावीक मासिक पट्टीत दिले तर तूट कुणीतरी भरावीच लागते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना वाटले तसे झाले नाही. नळ, टंक्या आणि पंप आले. घरोघरच्या मीटरची अट मात्र बहुतेक शहरात कागदावर राहिली. दर वाढवण्याचा प्रश्न आला की तो नगरसेवकापाशी अडतो.

शेवटच्या टप्प्यात अडचण सर्वांत जास्त. बऱ्याच भागांत पाणी एक दिवसाआड, थोडा वेळच येते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो आणि दाब नसताना फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जवळून ड्रेनेजची लाईन जात असेल तर काय ओढले जाते हे सांगायला नको. त्यात घरोघरचे टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारे छोटे विजेचे पंप. थेट लाईनवर लावलेला टुल्लू शेजाऱ्याचे पाणी तर ओढतोच, शिवाय नळातला दाब शून्याखाली नेऊन दूषिताला वाट देतो. पहिली पाच-दहा मिनिटे पाणी वाहू देणे आणि टुल्लू लाईनऐवजी हौदावर लावणे, एवढे घरात करता येते. गळती शोधण्यासाठी मोहल्ल्याच्या टंकीवर आणि घरांवर दोन्हीकडे मीटर हवेत. एकाच बाजूचे मीटर फक्त किती पाणी सोडले ते सांगते.

सांडपाण्याची बाजू पुढे बरीच सुधारली. कबीटखेडीला 245 एमएलडीचे केंद्र झाले, नद्यांत उतरणारी सांडपाण्याची तोंडे बंद करण्यात आली आणि 2021 मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारे) शहर ठरले.

चढावाचे वीजबिल कमी करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) विक्रीस काढले, वार्षिक व्याज 8.25 टक्के. कर्ज या वेळी रुपयांतले. किरकोळ गुंतवणूकदारांनाही ते घेता आले. पैसा जलूद परिसरातल्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. पूर्ण क्षमतेच्या सरासरी 20 टक्के वीज मिळते असे धरले तर त्यातून दिवसाला पावणेतीन ते तीन लाख युनिट मिळावेत, म्हणजे वरच्या हिशेबातल्या 8 लाखांच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. रात्री पंप चालतात ते वीज कंपनीच्याच विजेवर.