पुनरुत्थित जीवन

पुनरुत्थित जीवन : येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, ही श्रद्धा रोजच्या वागण्यात उतरवण्याचे ख्रिस्ती आचरण. रिकाम्या कबरेची वृत्ते व त्यांची ऐतिहासिकता यांचा विचार या नोंदीत गरजेपुरताच केला आहे. आचरणाची उदाहरणे मुख्यतः सोलापूर शहर व जिल्ह्यातील मराठीभाषक मंडळ्यांच्या (चर्चच्या समुदायांच्या) रीतीला धरून आहेत.

शास्त्राधार : या आचरणाचा एक फार जुना लेखी आधार म्हणजे प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र (सु. ५३–५५), अध्याय १५. त्यातील ३ ते ५ या ओव्यांतले वचन पौलाचे स्वतःचे नसून त्याला परंपरेने मिळालेले आहे, हे तो स्वतःच सांगतो. ते इ. स. च्या चौथ्या दशकातच रूढ झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्त उठला नसेल तर उपदेश व्यर्थ आणि विश्वासही व्यर्थ, हा युक्तिवाद करून पौल थांबत नाही. अध्यायाच्या शेवटी तो वाचकांना कामाला लावतो : स्थिर राहा, तुमचे श्रम फुकट नाहीत. लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी वर्गणीची सूचना येते. अध्यायांची विभागणी मध्ययुगातली असल्याने मूळ पत्रात या दोन गोष्टींमध्ये खंड नव्हता. पुनरुत्थान आणि पैशांचा हिशेब असे शेजारी आले आहेत, याकडे प्रवचनांत सहसा दुर्लक्ष होते.

काळाचा प्रश्न : विश्वासणारा ख्रिस्ताबरोबर उठला आहे की उठणार आहे, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. रोमकरांस पत्राच्या (सु. ५६–५८) सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याने ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे भूतकाळात सांगितले आहे, पुनरुत्थानात सहभागी होणे मात्र भविष्यकाळात (ओव्या ५ व ८). मधल्या काळासाठी चौथ्या ओवीत ‘नवेपणाने चालण्या’चा हेतू सांगितला आहे. याउलट कलस्सैकरांस पत्रात (२:१२, ३:१) ‘तुम्ही त्याच्याबरोबर उठवले गेला’ असा भूतकाळ येतो आणि इफिसकरांस पत्र (२:६) त्याहून पुढे जाते. या फरकामुळे, तसेच भाषाशैलीमुळे, कलस्सैकरांस पत्र पौलाच्या शिष्यवर्गातील कोणी सु. ७०–९० च्या दरम्यान लिहिले असावे, असे अनेक जर्मन अभ्यासक मानतात. ते पौलाचेच मानणारे त्याचा काळ सु. ६० धरतात. लेखक कोणीही असला तरी पत्राचा रोख बदलत नाही. ‘उठवले गेला’ म्हटल्यावर लगेच ‘तर मग वरील गोष्टी शोधा’ अशी आज्ञा येते आणि राग, दुष्टपणा, निंदा, खोटे बोलणे ही जुनी वस्त्रे उतरवण्यास सांगितले जाते. जे झाले आहे ते सांगायचे आणि त्यावरून जे करायचे ते मागायचे, ही रचना दोन्ही पत्रांत सारखीच आहे. जर्मन बायबल-अभ्यासक रूडॉल्फ बुल्टमान यांनी तिच्यावर विशेष भर दिला. त्यांचे शिष्य एर्न्स्ट केझेमान यांनी ‘अद्याप नाही’ (आपले पुनरुत्थान अजून व्हायचे आहे) हा भाग ठासून मांडला, आणि करिंथच्या मंडळीतील गोंधळ पाहता त्यांचे म्हणणे अधिक पटणारे आहे. तिथे काहींनी आपण आत्ताच राजे झालो असे मानून शरीराने काहीही केले तरी चालते, असा अर्थ काढला होता. पुनरुत्थान होऊन गेले आहे, असे शिकवणारे हुमनाय व फिलेत यांचा निषेध २ तीमथ्य २:१७–१८ मध्ये आहे.

ही तांत्रिक चर्चा वाटली तरी तिचे परिणाम रोजच्या जगण्यावर होतात. ‘होऊन गेले’ यावरच भर दिला की आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू हे विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण ठरू लागते. रोगमुक्तीच्या सभांनंतर औषध बंद करणाऱ्या मधुमेहींना समजावण्याचे काम मग पाळकांवर येते. ‘होणार आहे’ एवढेच धरले की धर्म मेल्यानंतरचा राहतो आणि दुकानातला तराजू त्यातून सुटतो.

प्रभूचा दिवस : रविवार हा पुनरुत्थानाचा साप्ताहिक दिवस आहे, ईस्टर या वार्षिक सणाच्या कितीतरी आधीपासून. बिथुनियाचा अधिकारी धाकटा प्लिनी याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रानुसार ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणत आणि चोरी, व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची, ठेव परत मागितल्यास न नाकारण्याची शपथ घेत. पत्रात पुनरुत्थानाचा उल्लेख नाही आणि तो दिवस रविवारच होता असेही म्हटलेले नाही. पण पहाट, स्तोत्र आणि ठेव परत करणे एकाच वाक्यात यावे, हे लक्षणीय आहे. हुतात्मा जस्टिन (सु. १५५) मात्र रविवारचे स्पष्ट वर्णन करतो : वाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, भाकर व द्राक्षारस (प्रभूभोजन), गैरहजर असलेल्यांना त्यांचा वाटा पोचवणे, आणि अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्यासाठी निधी. रविवारच्या सुटीचा कॉन्स्टंटाइनचा आदेश ३२१ चा. तोवर तो कामाचाच दिवस होता. बिशपांच्या निकीया परिषदेच्या (३२५) विसाव्या नियमाने रविवारी व ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करण्यास सांगितले. आपल्याकडे हा नियम फारसा कोणी पाळत नाही.

सोलापुरात रविवार अजूनही अनेकांना कामाचाच असतो. यंत्रमागावर टॉवेल-चादरीची मजुरी कामाच्या मापाने मिळते, विडीची हजारावर. ज्या घरांत ही कामे चालतात तिथे दोन तासांची उपासना म्हणजे तेवढी मजुरी कमी. म्हणून उपासना नऊला सुरू करून साडेअकरापर्यंत लांबवणाऱ्या मंडळीत बाया मागच्या बाकांवरून प्रवचनाच्या मध्येच उठतात. वेळ पाळणे हा इथे शिष्टाचाराचा नव्हे, न्यायाचा भाग ठरतो.

ईस्टरची तिथी : दुसऱ्या शतकात आशिया या रोमन प्रांतातील (आजचा पश्चिम तुर्कस्तान) मंडळ्या यहुदी वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) चतुर्दशीला, वार कोणताही असो, सण पाळत, रोममध्ये तो रविवारीच होई. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प व रोमचा बिशप अनिसेटस यांनी सु. १५५ मध्ये मतभेद मान्य करून सलोखा राखला. सु. १९० मध्ये रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा प्रयत्न केला. निकीया परिषदेने रविवारचा पक्ष घेतला. आजचा पाश्चात्त्य नियम असा : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या, कोष्टकाने ठरवलेल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान येतो. मराठी पंचांगाशी ताडून पाहिल्यास ही बहुधा चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंतीची, असते. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला तर ईस्टर ९ एप्रिलला आला. अधिक मासाच्या गणितामुळे क्वचित अंतर पडते : २०२४ मध्ये ईस्टर (३१ मार्च) होळीच्या पौर्णिमेनंतर आला आणि हनुमान जयंती त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने.

पहाटोपासना : प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ईस्टरची उपासना उजाडता उजाडता, चर्चच्या आवारात किंवा दफनभूमीत होते. सोलापुरात मार्चअखेरीस सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, एप्रिलअखेरीस सहा वाजून गेल्यावर लगेच. दरवर्षी सवयीने पाचची वेळ जाहीर केली की सण लवकर आलेल्या वर्षी आशीर्वादही अंधारातच होतो. सूर्योदयाआधी पाऊण तास ही वेळ सोयीची : दोन गीते, योहान २० किंवा मार्क १६:१–८ चे वाचन, छोटे प्रवचन, आणि उजेड पसरत असताना ‘प्रभू उठला आहे – खरोखर उठला आहे’ हा घोष. मार्कचे वाचन आठव्या ओवीवर थांबवण्यास आधार आहे, कारण सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत पुढचा भाग नाही.

रोमन कॅथलिक मंडळ्यांत मुख्य विधी शनिवारी रात्रीच्या जागरणाचा. नव्या अग्नीवर पास्का (ईस्टरची) मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, अल्फा व ओमेगा ही अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे कोरून धूपाचे पाच दाणे रोवतात. जुन्या करारातील सात वाचनांपैकी किमान तीन घ्यावी लागतात. निर्गम १४ (समुद्र ओलांडण्याची कथा) गाळता येत नाही. नंतर सारे जण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात. ही मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत वेदीजवळ असते, नंतर बाप्तिस्मा-कुंडापाशी, आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ. बाप्तिस्मा व मरण एका दिव्याने जोडणारी ही योजना रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचे सर्वांत नेटके भाष्य म्हणता येईल. हे जागरण पुन्हा रात्री करण्याची मुभा पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये दिली. त्याआधी कित्येक शतके ते शनिवारी सकाळीच उरकले जाई.

प्रभूभोजनाचा रस : कॅथलिक धर्मसंहितेनुसार (१९८३) भाकर केवळ गव्हाची व द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक हवा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मद्यार्क नसलेला रस वापरतात आणि तो अनेकदा मनुकांपासून घरीच होतो. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजवतात (पाव किलोला साधारण एक लिटर पाणी), सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळतात, निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळतात. फडके जोरात पिळले की रस गढूळ होतो आणि पेल्यांच्या तळाशी गाळ बसतो. या भागात सहज मिळणारा हिरवट बेदाणा चालत नाही : रंग येत नाही आणि गंधकाची धुरी दिलेली असल्यास वास उरतो. ईस्टरच्या दिवसांत पारा चाळिशीकडे असतो, तेव्हा शनिवारी केलेला रस बाहेर ठेवला तर रविवारी फेसाळलेला मिळतो.

घर व व्यवहार : सणानंतरचे पन्नास दिवस हा पुनरुत्थानकाळ. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस काटेकोर पाळणारी घरेही हे पन्नास दिवस विसरतात, अशी पाळकवर्गाची जुनी तक्रार आहे. उपयोगी पडणारी रीत साधी असते : रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना, त्यात एक गीत, १ करिंथ १५ किंवा कलस्सै ३ मधील पाच-सहा ओव्या, प्रभूची प्रार्थना, सारे मिळून पंधरा मिनिटे. वाचलेल्या भागातील एकच आज्ञा दुसऱ्या दिवसासाठी निवडतात. ‘खोटे बोलू नका’ ही निवडली तर दुकानदाराने उधारीच्या वहीतली जुनी नोंद गिऱ्हाइकासमोर दुरुस्त करायची. ‘क्षमा करा’ ही निवडली तर भावकीतल्या बोलणे टाकलेल्या माणसाला फोन लावायचा. एकाच आठवड्यात सगळी यादी हाती घेतली की तिसऱ्या दिवशी प्रार्थनाच बंद पडते. कलस्सै ३ मधील पत्नी, मुले व दास यांच्याविषयीच्या आज्ञा मात्र १९ व्या ओवीशिवाय व ४:१ शिवाय वाचू नयेत. नवऱ्याला व धन्याला घातलेली मर्यादा तिथे आहे आणि घरगुती वाचनात नेमकी तीच गळते.

ग्रामीण भागात १ करिंथच्या पंधराव्या अध्यायाला ज्वारीची जोड मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणजे ईस्टरच्या तोंडावर. ‘प्रथमफळ’ (१५:२०) आणि ‘नुसता दाणा’ (१५:३७) यांवर मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याला फार समजावून सांगावे लागत नाही.

दफन : शरीराच्या पुनरुत्थानावरील विश्वासामुळे दफन ही जुनी रीत. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनास मुभा दिली. २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी विखुरणे किंवा घरी ठेवणे संमत नाही. उन्हाळ्यात सोलापुरात दफन शक्यतो त्याच दिवशी करतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक यायचे असल्यास शीतपेटी मागवतात. पाय पूर्वेकडे ठेवण्याची प्रथा आहे. योहान ११:२५ व १ करिंथ १५ वाचून माती देतात. इथली जमीन वर काळी, खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे लगेच बांधलेला चौथरा वर्षभरात खचतो. एक पावसाळा जाऊ देऊन, भर टाकून मगच बांधकाम करावे. दहाव्या-तेराव्याच्या सुमारास स्मरणसभा ठेवणारी घरे आहेत. प्रॉटेस्टंट पाळक त्यात मृतासाठी नव्हे, राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. कॅथलिक परंपरेत मृतांसाठीही प्रार्थना होते आणि २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहतात.

सोलापुरातील मंडळ्या : अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशनसंस्थेचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांचे अहमदनगर केंद्र सुरू झाले आणि सोलापूरचे १८६० नंतरच्या दशकात. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर अनाथ मुलांचा सांभाळ व बालशिक्षण ही इथल्या कामाची ओळख बनली. मिशनच्या परंपरेतील मंडळ्या पुढे उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापना २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर) आल्या. कॅथलिक मंडळी पुणे धर्मप्रांतात मोडतात. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या जागृतीने पश्चात्ताप व नवजीवनाची भाषा या पट्ट्यातील मंडळ्यांत रुजवली असावी. सोलापूर शहरात तेलुगू भाषेतही उपासना होतात. संयुक्त पहाटोपासना ठेवल्यास वाचन दोन्ही भाषांत व घोष आळीपाळीने घेतात. प्रवचनाचे भाषांतर करत बसल्यास वेळ दुप्पट होतो.