मातीचे बैल (खानदेश)

श्रावण अमावास्येच्या पोळ्यासाठी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील मुले ओल्या मातीची जी बैलजोडी घडवतात, ती. गोठा नसलेल्या घरी पूजेलाही हीच जोडी मांडतात.

खानदेशी बोलींत ळ चा य होऊन सणाचे नाव ‘पोया’ असे उच्चारले जाते; बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेतही हेच रूप आहे. ‘पोळा’ शब्दाचा संबंध कोणी पोळासुराच्या कथेशी लावतात, तर कोणी ‘पोळ’ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला वळू याच्याशी. कथा नावावरून रचलेली वाटते. दुसरे मत अधिक ग्राह्य होय.

प्रथेचे मूळ ताम्रपाषाण युगापर्यंत, म्हणजे तांबे व दगड यांची हत्यारे वापरात असलेल्या काळापर्यंत, नेण्याचा मोह होतो. इनामगाव (जि. पुणे) येथील जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या थरात शिरोहीन स्त्रीमूर्तीबरोबर कच्च्या मातीचा बैल मिळाला, त्याचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. १३०० च्या सुमाराचा मानतात. याच संस्कृतीचे थर तापीकाठी प्रकाशे व गिरणाकाठी बहाळ येथेही आहेत. तथापि इनामगावचा बैल जमिनीखाली जपून पुरलेला होता. तो खेळणे नसून पूजावस्तू असावा. तेव्हा आजच्या प्रथेशी त्याचे थेट नाते जोडणे धाडसाचे ठरेल.

बैल घडवताना खरी अडचण मातीची. बेसाल्ट या ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणमातीची खनिजे विपुल असतात. ती पाण्याने फुगतात व वाळताना आकसतात. म्हणून शेतातल्या निव्वळ काळ्या मातीचा बैल रात्रीतून तडकतो, आणि बहुधा पाय जोडलेल्या ठिकाणीच. नाल्याकाठच्या गाळात बारीक वाळू असल्याने तो कमी आकसतो. जाणती मुले तोच आणतात, खडे वेचतात आणि राख किंवा बारीक भुसा घालून मळतात. धड व पाय एकाच गोळ्यातून ओढून काढले तर सांधाच राहत नाही. शिंगांत काडी खोवतात, डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावतात. वशिंड मात्र अंगठ्याने दाबूनच उठवायचे. उन्हात ठेवण्याची घाई नडते. वाळवण सावलीतच करतात. बैल भाजत नसल्याने जोराच्या पावसात विरतो.

सोबत ज्वारीच्या धाटांची गाडी व मातीची गव्हाणही करतात. कुंभाराकडे रंगवलेली जोडी विकत मिळते. विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे चाकांवरचे लाकडी बैल हा निराळा प्रकार होय.