मोर्चा : बांधण्यापासून काढण्यापर्यंत

पुण्यात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा जाणार असला की तो पोहोचण्याआधीच फाटकासमोर पोलिसांचे लोखंडी बॅरिकेड उभे राहतात. आज चालून येणाऱ्या माणसांना आपण मोर्चा म्हणतो आणि त्यांना अडवणाऱ्या अडसराला बॅरिकेड. पण शिवकाळात आणि पेशवाईत मोर्चा हा शब्द त्या अडसराच्याच जातीचा होता.

फारसी ‘मोर्चाल’वरून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ असा, की वेढ्याच्या प्रसंगी खंदक खणून, निघालेली माती, दगड आणि ओंडके घाईने रचून केलेला आडोसा, ज्याच्यामागे तोफा आणि बंदूकधारी बसवता येत. किल्ल्याचा पक्का तट हा मोर्चा नव्हे. गावाभोवतीचा मातीचा तट तो धुळकोट, आणि तटाच्या आत मारा करता यावा म्हणून रचलेला उंच ढिगारा तो दमदमा. हे भेद जपले नाहीत तर जुन्या लढायांची वर्णने धूसर होतात.

पुण्याजवळचे चाकणच पाहावे. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने तिथल्या भुईकोटाला वेढा घालून आपल्या सरदारांना चहूबाजूंचे मोर्चे वाटून दिले. आतून फिरंगोजी नरसाळ्याचा मारा सुरू होता, वरून पाऊस कोसळत होता, आणि त्या चिखलात हे मातीचे आडोसे राखत मोगलांना सुमारे दोन महिने काढावे लागले. अखेर भुयार खणून बुरूज सुरुंगाने उडवला, तेव्हाच किल्ला पडला. अशा वेढ्याच्या वर्णनात ‘मोर्चे लावले’ असे वाचून आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घोषणा देणारा जमाव उभा राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बॅरिकेडचे कूळ फ्रेंच आहे. त्या भाषेत ‘बारीक’ (barrique) म्हणजे पिंप. १५८८ मध्ये पॅरिसच्या नागरिकांनी मातीने भरलेली पिंपे रस्त्यांत लावून राजाच्या सैन्याची वाट अडवली होती. तिथे अडसर प्रजेने उभारला होता, आपल्याकडे तो बहुधा पोलीस लावतात.

मोर्चाचा अर्थ कसा सरकला, याचा माग माझ्या मते क्रियापदांत सापडतो. पूर्वी मोर्चा बांधत, लावत, धरत. आता तो काढतात, नेतात. या दोहोंमधला दुवा म्हणजे ‘मोर्चा वळवणे’: तोफांचे तोंड दुसऱ्या बाजूला फिरवावे, तसा जेवणाच्या पंगतीत कोणी भाताकडून जिलेबीकडे मोर्चा वळवतो. या प्रयोगात आडोसा मागे पडून फक्त रोख उरला आहे, आणि मागणी घेऊन कचेरीच्या रोखाने निघालेल्या जमावाला हे नाव सहज चिकटले असावे. मात्र ‘मोर्चेबांधणी’त जुने क्रियापद अजून शाबूत आहे, निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते हमखास भेटते.