लोबेरा, जाहू आणि मागून सुरू होणारा खेळ

जानेवारी 2020 संपता संपता इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेतल्या एफसी गोवाने सेर्जिओ लोबेराला प्रशिक्षकपदावरून दूर केलं, तेव्हा संघ गुणतक्त्यात अव्वल होता आणि साखळीचे फक्त तीन सामने उरले होते. हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली गोव्याने तिन्ही जिंकले, 39 गुणांसह साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड पटकावली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. ढाल मिळाली, पण ती उचलताना लोबेरा नव्हता.

1977 मध्ये सारागोसात जन्मलेला हा माणूस बार्सिलोनाच्या युवा संघांमधून वर आला. पुढे स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत लास पाल्मास. 2012-13 मध्ये संघ बढतीच्या प्लेऑफपर्यंत गेला, पुढच्या मोसमात ऐन प्लेऑफच्या तोंडावर नोकरी गेली. म्हणजे गोव्यातली गच्छंती काही पहिली नव्हे. त्यानंतर मोरोक्कोतला मोघरेब तेतुआन. 2015 मध्ये या संघाने आफ्रिकन चॅम्पियन्स लीगमध्ये कैरोच्या अल अहलीला पेनल्टींवर बाहेर काढलं. भारताच्या दृष्टीने मात्र तेतुआनचं महत्त्व वेगळं आहे: मधल्या फळीतला अहमद जाहू आणि बचावपटू मुर्तादा फॉल लोबेराच्या हाताखाली तिथे खेळले होते.

2017 मध्ये झिकोच्या जागी तो गोव्यात आला. आदल्या मोसमात संघ तळाला होता. त्याच वर्षी आयएसएलचा नियम बदलून मैदानावर किमान सहा भारतीय बंधनकारक झाले. पाचच परदेशी, तेव्हा ते नेमके कुठे उभे करायचे हा खरा प्रश्न. लोबेराने संघाचा कणा त्यांच्याकडे दिला आणि कडा भारतीयांकडे. विंगर मंदार राव देसाईला त्याने डावा बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू केलं. चेंडू आपल्याकडे असताना दोन्ही बॅक वर सरकायचे आणि जाहू मागे उतरून सेंटरबॅककडून, म्हणजे मधल्या बचावपटूंकडून चेंडू घ्यायचा. पुढे स्ट्रायकर फेरान कोरोमिनास. पहिल्याच मोसमात त्याचे 18 गोल, संघाचे 18 सामन्यांत 42.

पण 28 गोल खाल्लेही. बॅक वर गेले की त्यांच्या मागची जागा उघडी पडते, आणि जाहूच्या पायातून चेंडू निसटला तर प्रतिस्पर्ध्यासमोर दोन सेंटरबॅक सोडून कोणी नसतं. 17 मार्च 2019 च्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात तर जाहूच गेला. जादा वेळेत 105व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड, दहा जणांचा गोवा, आणि 117व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचा हेडर. बंगळुरू 1-0. महिनाभरात भुवनेश्वरला चेन्नईयिनला 2-1 ने हरवून गोव्याने सुपर कप जिंकला, पण फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानाच्या मनात सल त्या हेडरचाच.

2020 च्या ऑक्टोबरात लोबेरा मुंबई सिटीत गेला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने आदल्या वर्षी 65 टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. जाहू, फॉल, ह्यूगो बुमूस, मंदार, गोव्याचा कणाच मुंबईला आला. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टींवर हरवलं तेही गोव्यालाच.

13 मार्च 2021 चा फातोर्ड्यावरचा अंतिम सामना या खेळाची अख्खी कुंडली आहे. 18व्या मिनिटाला रॉय कृष्णाने जाहूकडून चेंडू हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला आघाडी दिली. नंतर त्याच जाहूने मागून लांब चेंडू टाकला. तो थोपवताना बागानचा बचावपटू तिरी याचं डोकं लागून स्वयंगोल. मध्यंतराआधी मुंबईचा पोरगा अमेय रानवडे टकरीत जखमी होऊन बाहेर गेला. शेवटी 90व्या मिनिटाला चूक बागानच्या गोलरक्षकाची झाली, मुंबईच्या ओगबेचेने चेंडू मागे दिला आणि बिपिन सिंगने गोल केला. साखळीत 40-40 गुण असताना परस्पर लढतींवर शील्ड आधीच मुंबईची झाली होती. एकाच मोसमात शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही, हे आयएसएलमध्ये पहिल्यांदाच घडलं.

पुढे लोबेरा चीनमध्ये सिचुआन क्लबकडे, मग 2023 मध्ये ओडिशा एफसीकडे. तिथेही जाहू, फॉल आणि रानवडे सोबत होतेच.