लीला सेठ आणि बहिणींचा हिस्सा : थोडी पार्श्वभूमी

सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "बहिणींनी हक्कसोड दिलं का?" बहिणीही बहुतेक वेळा माहेर तुटू नये म्हणून सही करून मोकळ्या होतात. पण मुळात सोडायला हा हक्क आला कुठून, त्याच्या मागे एक नाव आहे जे आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, ते म्हणजे जस्टिस लीला सेठ.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाच्या इस्टेटीत मुलगा जन्मताच हिस्सेदार, मुलीला मात्र वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यातलाच तुकडा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती केली खरी, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर, म्हणजे एकाच घरात थोरलीचं लग्न आधी उरकलं म्हणून ती गेली आणि धाकटी हिस्सेदार झाली, आता याला काय म्हणायचं! लीला सेठ १९९७ ते २००० पंधराव्या लॉ कमिशनवर (सरकारला कायद्यातले बदल सुचवणारा आयोग) होत्या आणि मे २००० मध्ये कमिशनचा १७४ वा रिपोर्ट आला तो याच विषयावर. त्यातून पुढे ९ सप्टेंबर २००५ ला मुलगीही जन्मताच हिस्सेदार अशी देशभरासाठी दुरुस्ती लागू झाली.

बाई कायद्याकडे वळल्या ते पण अगदी घरगुती कारणाने. जन्म १९३० चा, लखनौचा. वडील लहानपणीच गेले, मग कोलकात्यात स्टेनोची नोकरी, लग्न, आणि नवऱ्याची बाटा कंपनीतून लंडनला बदली. लहान मूल पदरात, रोज कॉलेज जमणार नाही, आणि बॅरिस्टरीला हजेरीची फार कटकट नव्हती म्हणून कायदा घेतला, आणि १९५८ ला बार परीक्षेत थेट पहिल्या आल्या! तिथल्या पेपरने बाळासकट फोटो छापला, खाली 'मदर-इन-लॉ'. परत येऊन कोलकात्यात नावाजलेले बॅरिस्टर सचिन चौधरींकडे काम मागायला गेल्या तर ते म्हणाले लग्न कर. झालंय. मग मूल होऊ दे. आहे. एकटं मूल बरं नाही, दुसरं होऊ दे. तेही आहे! शेवटी चौधरींनीच हात टेकले आणि चेंबरमध्ये घेतलं. पुढे पाटण्यात दहा वर्षं वकिली, मग दिल्ली, १९७८ ला दिल्ली हायकोर्टातल्या पहिल्या महिला जज आणि १९९१ ला हिमाचलमध्ये देशातल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला चीफ जस्टिस. (हायकोर्टाच्या पहिल्या महिला जज मात्र केरळच्या अॅना चांडी, १९५९ ला, यात लोक नेहमी गल्लत करतात.)

लिखाण सगळं रिटायर झाल्यावरचं. २००३ ला 'ऑन बॅलन्स' हे आत्मचरित्र, २०१० ला शाळकरी मुलांना संविधानाची उद्देशिका समजावणारं पुस्तक, मग २०१४ ला 'टॉकिंग ऑफ जस्टिस'. मला स्वतःला मुलांचं पुस्तक जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण उद्देशिका आपण पाठ करतो आणि तिथेच सोडून देतो. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीतही त्या होत्याच, वय ८२, आणि महिनाभराच्या आत रिपोर्ट दिला.

डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं तेव्हा त्यांनी पेपरात लेख लिहिला, आई म्हणून आणि जज म्हणूनही, कारण थोरला मुलगा, लेखक विक्रम सेठ, त्या निकालाने गुन्हेगार ठरत होता. हा निकाल २०१८ मध्ये फिरला. लीलाबाई त्याच्या वर्षभर आधीच, ५ मे २०१७ ला गेल्या होत्या.